उलट्या कडेची कानस

तिळाचं तेल घ्यायचं तर घाण्यापाशी उभं राहून, आपलेच तीळ आत पडताना बघून घ्यायचं, हा ओकपुनचा बाणा. बाजाराच्या दिवशी ती दिसली की टोफूवाली शेजारणीला कोपर मारायची. "आली बघ तपासणी!" ओकपुन टोफूची कड बोटाने दाबायची, म्हणायची, "कालचा आहे." आणि बरेचदा तो कालचाच निघायचा. त्यामुळे सत्तरीला टेकली तरी तिचा संशय काही म्हातारा झाला नाही.

त्या वसंतात ती ग्वाक लोहाराच्या भट्टीपाशी आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक कानस होती. तिचा नवरा तालसू लाकडाच्या गिरणीत अडतीस वर्षं गोल करवतीच्या दातांना धार लावायचा. थंडीत तो गेला. गिरणी तर आधीच बंद पडलेली. त्याच्या पेटीतून एवढी एकच वस्तू हाती आली होती. पेटीत ठेवली तर गंजेल, भिंतीवर टांगली तर लोक हसतील. रोज हातात येईल असा स्वयंपाकघरातला सुरा करून घ्यावा, असं तिनं ठरवलं.

"आजच करून द्या, ग्वाकदादा. मी इथंच बसते."

"वहिनी, कानस म्हणजे कडक पोलाद. आधी लाल करून राखेत पुरायची, सावकाश निवू द्यायची. तेव्हा कुठं ती घण सोसते. पुढच्या बाजाराला या."

"म्हणजे पाच दिवस तुमच्या राखेत?"

"राख काही पळून जात नाही."

"राखेचं नाही म्हणत मी."

लोहार हसला. त्याच्याकडं पाठ करून तिनं पिशवीतून खिळा काढला आणि कानशीवर ओळखीची एक आडवी खूण ओढली. खूण उठलीच नाही, खिळ्याचं टोक तेवढं बोथट झालं. ग्वाकनं ते पाहिलं आणि भाता ओढायला घेतला. शेवटी तिनं कानस त्याच्या हातात दिली, ती भट्टीत जाऊन लाल झालेली, राखेत गडप झालेली डोळ्यांनी पाहिली, आणि मगच घरी गेली.

पाच दिवस तिच्या मनात एकच घोळत होतं. जुनं पोलाद आता मिळत नाही म्हणतात. आतून नरम, वरून कडक असली हलकी कानस ठोकून यानं सुरा दिला तर मला कळणार कसं?

बाजाराच्या सकाळी ग्वाकनं राख उकरली. सांडशीनं बाहेर काढल्या त्या तीन कानशी. तिन्ही सारख्याच करड्या, एकाच मापाच्या.

ओकपुन पुढं वाकली. "तीन कशा?"

"आणखी दोघांनी टाकल्यात. ही तुमची." मधली त्यानं पुढं सरकवली.

"कशावरून?"

"हे दात बघा. माणूस ज्या हाताचा, तशी कानस झिजते. बाकीच्या दोन्ही या कडेला झिजल्यात, ही उलट्या कडेला. तुमचे मालक डावखुरे होते ना?"

"सापडलात!" ओकपुन कडाडली. शेजारचा मुळेवाला मान उंचावून पाहू लागला. "आमचे हे उजवे! सत्तेचाळीस वर्षं मी त्यांच्यापुढं भात वाढलाय. चमचा कायम उजव्या हातात. माझी कानस कुणाला दिलीत ते सांगा!"

ग्वाकनं सांडशी खाली ठेवली. "चमच्याचं काय घेऊन बसलात, वहिनी? डाव्या हातात चमचा धरला की आमच्या आजोबांनी किती फटके दिले मला! आजही उजव्यानंच जेवतो. आणि हे बघा." त्यानं घण उचलला, डाव्या हातात.

ओकपुन घणाकडं पाहत राहिली.

तालसूच्या सदऱ्याची डाव्या बाहीची कड आधी विरायची. दर दोन महिन्यांनी तिथं ठिगळ. तिनं तेव्हाच ताडलं होतं, की हा गुत्त्यात बसतो, डावं मनगट टेबलावर टेकवून उजव्यानं पितो. किती वर्षं तिनं दारातच त्याचा वास घेतला होता! वास फक्त लाकडाच्या भुशाचा यायचा, तर तिला वाटायचं, वास लपवायलाही शिकला. तो एकदाच म्हणाला होता, "करवत धरायच्या शिकंज्याला घासते गं बाही." तिचा विश्वास बसला नव्हता. गिरणीत ती कधी गेलीच नव्हती. कानशीवरचा डाग न् डाग ओळखायला हवा होता, आणि तिला तिन्हीतली एकही ओळखता येत नव्हती.

"काय करू मग?" ग्वाकनं विचारलं. "दात घासून काढले की ही झीजही जाणार. आत्ताच बघून घ्या काय ते."

तिनं मधली कानस उचलली. झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग डाव्या हातात धरून पाहिली.

"काढा दात," ती म्हणाली.

"बसताय ना समोर?"

"मला मोड आलेलं कडधान्य घ्यायचंय." आणि ती खरंच भट्टीकडं पाठ करून चालू लागली.

परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पात्याला पाणी दिलेलं, मूठ बसवलेली. ग्वाकनं मुळेवाल्याकडून एक मुळा आणून ठेवला होता. तिनं सुरा डाव्या हातात घेतला. काप वाकडा पडला, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. मुळेवाला फिस्कन हसला.

"धार बरी आहे," ओकपुन म्हणाली. मग मूठ कानाशी नेऊन तिनं जोरात हलवून पाहिली. "ही हलणार तर नाही ना?"