डावखुरे टाके

टोपीमास्तरांच्या स्वतःच्या डोक्यावर कधी कुणी टोपी पाहिली नाही. "दिवसभर त्यांचीच सेवा करतो, आता डोक्यावर कशाला बसवून घेऊ?" असं म्हणत ते टक्कल खाजवत. मामांच्या दुकानात ते पोरवयातच चिकटले. लोकरीचा जाड नमदा किटलीच्या वाफेवर मऊ करायचा, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवायचा आणि थंड होईपर्यंत हात काढायचा नाही. बोटं भाजत, मामा खेकसत, तरी पोराला त्या कामाचं वेड लागलं ते लागलंच. पुढे मामा गेले, दुकान त्यांचं झालं, आणि गावातली झाडून सगळी बडी डोकी त्यांच्या फितीखालून गेली. माप घेता घेता मास्तर समोरच्याची अशी फिरकी घेत की माणूस टोपीपेक्षा त्या गप्पांसाठीच परत येई.

मग लढाई आली आणि हसण्याचं कामच उरलं नाही. नमदा बाजारातून नाहीसा झाला. फौजेच्या कपड्यांच्या कोठारातून खाकी कापडाचे गठ्ठे यायला लागले आणि मास्तर शिपायांच्या टोप्या शिवू लागले. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच सुमारास सक्तीच्या भरतीची गाडी गल्लीतून फिरू लागली. मास्तरांचा एकुलता एक मुलगा बापापेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटून जमाना झालेला, पण घरात अजून बाळ्याच. "गेला पळून कार्टा," असं मास्तर सगळ्यांना सांगत. प्रत्यक्षात तो दुकानाच्याच माळ्यावर, जुन्या ठोकळ्यांच्या ढिगामागे पडून होता. लपलेली पोरं सापडली की काय होतं हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या मुलाला त्याच्याच भट्टीच्या भिंतीशी उभं केलं होतं. गोळ्यांचा आवाज मास्तरांनी दुकानात बसून ऐकला. रस्त्यावर बूट वाजले की त्यांचा हात थांबे. माळ्यावरची फळी करकरली की ते उगाचच खोकत. खोकून खोकून त्यांना खरा खोकला लागला.

बाळ्या वर नुसता पडून पडून खुळावत चालला होता. इकडे कोठाराचा तगादा वाढत होता. शेवटी मास्तरांनीच टोप्यांच्या आतल्या पट्ट्या शिवायला त्याच्याकडे वर दिल्या. पोरगा डावखुरा, पण हात सुबक. तयार टोपी खाली आली की मास्तर बाहेरून डोळ्यांनी तपासत आणि आतून बोट फिरवत. नजर अधू झाल्यापासून आतली शिवण ते बोटानेच पाहत. टाका घट्ट आहे, सारख्या अंतरावर आहे, एवढं बोटाला कळतं. टाका कोणत्या बाजूला झुकलाय हे बोटाला कळत नाही.

एका सकाळी कोठाराचे साहेब स्वतः दुकानात आले. बरोबर एक शिपाई. साहेबांनी दोन टोप्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या.

"ही कोणी शिवली?"

"मीच, साहेब."

"आणि ही?"

"तीही मीच."

"माझे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे," साहेब शांतपणे म्हणाले. "एका माणसाचे टाके दोन बाजूंना झुकलेले मी कधी पाहिले नाहीत. हे डावखुऱ्याचे आहेत. तुमचा मुलगा डावखुरा होता म्हणतात."

माळ्याकडे बघायचं नाही, एवढंच मास्तर मनाला बजावत राहिले.

मास्तरांच्या पत्नी मास्तरीणबाई चहा घेऊन आत आल्या होत्या. कप साहेबांपुढे ठेवत त्या म्हणाल्या, "ते माझे टाके आहेत. यांना सांगायची लाज वाटते, बायकोकडून काम करून घेतात म्हणून."

"चहा तर उजव्या हाताने दिलात."

"डाव्याने कुणाला काही दिलं की आईची पट्टी बसायची, साहेब. ती सवय लागली ती लागलीच."

पट्टीची गोष्ट खरी होती. मारून मारून आईने त्यांना उजव्या हातावर आणलं होतं आणि त्यानंतर त्या डाव्या हाताला सुई ठाऊक नव्हती.

"शिवून दाखवा."

त्या स्टुलावर बसल्या. सुई डाव्या हातात धरली. पहिला टाका वाकडा पडला. दुसऱ्याला सुई बोटात घुसली, त्यांनी बोट चोखलं आणि "तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर कसं व्हायचं?" असं जरासं रागावूनच म्हटलं. तिसऱ्या टाक्यापासून हाताला काय आठवलं कोण जाणे. टाके पडत गेले, एकामागून एक, त्याच बाजूला झुकलेले. मास्तरांना वर कुणीतरी श्वास घेतल्याचा भास झाला आणि ते मोठ्याने खोकले.

साहेबांनी टोपी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "कोठार आज पुढच्या छावणीत हलतंय आणि मला शिवणारी माणसं कमी पडताहेत. बाईंना बरोबर घ्या."

"कधी परत सोडाल?" मास्तरांनी विचारलं.

"लढाई संपली की."

शिपाई दारात उभा राहिला. मास्तरीणबाईंनी दोन कपडे बांधून घेतले आणि वरपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जेवण झाकून ठेवलंय. वेळेवर खायचं. आणि माझ्या मागे अजिबात यायचं नाही, सांगून ठेवते." मग मास्तरांच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, मनाला लावून घेऊ नका. सुटल्यासारखं वाटतंय ना? मलाही वाटतंय."

मास्तरांना खरोखरच तसं वाटत होतं. पोरगा वाचला, हेच आधी मनात आलं होतं, आणि त्याची त्यांना इतकी शरम वाटली की बायकोच्या डोळ्याला डोळा देता येईना.

लढाई पुढच्या वर्षी संपली. ती छावणी जळाली एवढंच कळलं. तिथून परतलेल्यांत मास्तरीणबाई नव्हत्या. बाळ्या खाली उतरला, दुकानात बसू लागला, लोक पुन्हा माप द्यायला येऊ लागले. मास्तर माप घेत, पण फिरकी कुणाची घेत नसत.

काम करता करता बाळ्या मधेच विचारायचा, "बाबा, मला वरून फक्त आवाज आला. जाताना आई घाबरली होती का हो?"

"छे रे," मास्तर म्हणत. "ताठ मानेने गेली."

शिपाई तिला बाहेर नेऊ लागला तेव्हा तिने दाराची चौकट धरली होती. तोंडातून आवाज काढला नाही, पण हात सोडेना. शिपायाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.