इंजिनावरच्या अक्षता

आमचा साईनाथ दिवसा मार्केट यार्डातून कांदा-बटाट्याचा टेम्पो चालवतो आणि उरलेला वेळ गोठ्यात घालवतो. गोठा म्हणायचा आपला जुन्या सवयीनं. मांजरीतल्या आमच्या उसाच्या रानात बिल्डिंगा उभ्या राहिल्या, बैल गेले, गव्हाणीत आता पाने आणि हातोड्या असतात. गोठ्याच्या तुळईला त्यानं साखळीची कप्पी लावली आणि तिला मोटारीचं इंजिन टांगलं. मी बघतच राहिले. घरात पाळणा टांगायच्या वयात माझा नातू हे काय टांगून बसलाय! शालू, म्हणजे त्याची बायको, दारातनं म्हणाली, "आजी, यालाच न्हाऊमाखू घाला आता. माझी काही घाई नाही."

माझी शाळा दुसरीपर्यंतची. इंजिनाचं सांगताना कुठं चुकले तर संभाळून घ्यावं. वाघोलीच्या पलीकडं माळावर मातीत मोटारी पळवायची शर्यत असते. पैसेवाल्यांची पोरं तयार इंजिनं आणतात, खोक्यातून काढून बसवतात. साईनाथला तसल्याच जोराचं इंजिन भंगारातून उभं करायचं होतं. ठोकर खाल्लेल्या जुन्या मारुतीचं इंजिन त्यानं वजनावर आणलं. पिस्टन दुसऱ्याच गाडीचे. पेट्रोल आणि हवा मिसळायला दोन मोडक्या मोटारसायकलींचे कार्बोरेटर. हवा जायच्या वाटा आतून गुळगुळीत पाहिजेत म्हणून बोटाला घासकागद गुंडाळून तासन्‌तास घासत बसायचा. शालू म्हणायची, एवढी भांडी घासली असती तर माझ्या माहेरी आरती ओवाळली असती. शेवटी तिचा लोणच्याचा स्टीलचा डबासुद्धा इंजिनाची वाफ आणि तेल धरायला गेला.

"माझा डबा कुठाय?"

"शर्यतीत पळणार हाय," साईनाथ म्हणाला.

पण सगळंच काही भंगारातून होत नाही. इंजिनाच्या पोटात एक वाकडातिकडा लोखंडी दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. माणसाला जसा पाठीचा कणा. तो यंत्रावर घासून केसाएवढ्या मापात आणावा लागतो. ते काम भवानी पेठेतल्या मकबूलचं. माझा मुलगा रामदास होता तेव्हा आमच्या ट्रॅक्टरचं काम मकबूलकडंच असायचं. रामदास गेला, आणि मकबूल मांजरीला आले ते दहाव्याला. सगळे जेवायला बसले तरी हे बाहेर ट्रॅक्टरशेजारी उभे. मला म्हणाले, "मावशी, पोराला दुकानावर पाठवत जा. लोखंडाशी बोलायला लागला की माणसाचं मन हलकं होतं." तेव्हापासून साईनाथ त्यांना चाचा म्हणायचा आणि ते त्याला साईबेटा.

या इंजिनाचा क्रँक मकबूलनं शुक्रवारी घासला. त्या दिवशी दुकान बंद असतं. नमाजाहून आले, अंगावरचा इस्त्रीचा कुडता काढून ठेवला आणि यंत्र चालू केलं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "घासायचा दगड झिजतो, त्याचं दे. मी झिजतो त्याचं राहू दे."

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा असते. नांगर होता तेव्हा नांगराची, आता टेम्पोची आणि पान्यांची. साईनाथचं इंजिन तेव्हा अर्धं जोडून झालेलं. खालचा भाग तयार, वरचं झाकण बसायचं राहिलेलं. वरच्या सपाट भागाला भोकं असतात. काही पाण्याची, एक तेलाचं. त्यातून तेल आत जाऊन क्रँकपर्यंत पोचतं. आत धूळ जाऊ नये म्हणून साईनाथनं त्यावर धुतलेलं फडकं बांधून ठेवलं होतं. मलासुद्धा फुंकर मारू द्यायचा नाही.

मी ताट घेऊन उभी होते. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. अक्षता हातात घेतल्या आणि साईनाथ थांबला. म्हणाला, "बाबा म्हणायचे, झाकलेल्या देवाला अक्षता टाकत नाहीत." खरंच म्हणायचा रामदास तसं. नांगराचा फाळसुद्धा पोत्यातून काढून धुऊन ठेवायचा. साईनाथनं फडकं सोडलं आणि कुंकू लावलेले तांदूळ इंजिनावर टाकले. पोराचे डोळे भरले होते. मला बरं वाटलं, इतकंच सांगते. दुसऱ्या दिवशी त्यानं दिसतील तेवढे दाणे एकेक करून वेचले, वरून पंपानं जोराची हवा मारली आणि झाकण बसवून टाकलं.

दिवाळीत इंजिन एका जुन्या गाडीत बसलं आणि दिवाळीनंतर शर्यत झाली. आम्ही सगळे माळावर गेलो होतो. पहिल्या फेरीत आमची गाडी अशी पळाली की खोक्यातल्या इंजिनवाली पोरं कठड्याला येऊन उभी राहिली. शालूनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. दुसऱ्या फेरीत वळणावर आतून टकटक असा आवाज आला, कोणी लोखंडी दार वाजवावं तसा. मग गाडी थांबली ती थांबलीच. धक्का मारून आणली. साईनाथ गाडीखाली शिरला, तेल बोटावर घेऊन बघितलं, त्यात पितळी चुरा चमकत होता.

"बेअरिंग खाल्लं," तो म्हणाला. "तेल मिळालं नाही. क्रँक घट्ट घासलाय, तेलाला फट ठेवली नाही."

"कुणी घासला?" भोवतालच्या एकानं विचारलं.

"मकबूलनं."

त्याच्या बोलण्यातला 'चाचा' गळून पडला होता. मला ते टकटक आवाजापेक्षा जास्त ऐकू आलं.

असल्या पोरांचा मोबाइलवर एक गट असतो. साईनाथनं तिथं चुऱ्याचा फोटो टाकला आणि लिहिलं की भवानी पेठेतल्या मकबूलकडं क्रँक देऊ नका. त्याखाली बाकीच्यांनी लिहिलं. पहिल्यांदा कामाबद्दल लिहिलं, मग माणसाबद्दल, मग त्याच्या जातीधर्माबद्दल. शालूनं मला दाखवलं. दुसरीपर्यंतच्या शाळेलासुद्धा कळेल असं लिहिलेलं होतं. साईनाथनं ते वाचलं आणि फोन खिशात टाकला.

मकबूलचा एकदा फोन आला. "साईबेटा, क्रँक घेऊन ये. बघू काय झालंय." साईनाथ म्हणाला, वेळ नाही. इंजिन त्यानं गाडीतून काढून ताडपत्रीखाली ढकललं, उघडलंसुद्धा नाही. उघडायचं कशाला? चूक कुणाची ते ठरलेलं होतं.

थंडी पडली तेव्हा मकबूलच्या बायकोचा, रझियाचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्यांचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, कामं येईनात. हे रोज जाऊन यंत्राला तेल देतात, पुसतात आणि शेजारी बसून राहतात. साईला काही बोलू नका. मी आपलं तुम्हाला सांगितलं." मी साईनाथला सांगितलं. तो म्हणाला, "काम नीट करायचं ना मग." पण ते बोलताना त्यानं टेम्पोची काच पुसायला घेतली. ती पुसलेलीच होती.

संक्रांतीच्या आधी शालूनं ताकीद दिली. गोठा भाड्यानं मागायला माणूस येणार, ते धूड तिथून हलव. तेव्हा भंगारात घालायचं म्हणून साईनाथनं इंजिन उघडलं. मी उन्हाला बसून तीळ निवडत होते. आतून पान्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. खूप वेळ बंद राहिला म्हणून मी आत गेले. साईनाथ जमिनीवर बसला होता. मांडीवर क्रँक, बोट त्याच्या एका भोकावर.

"काय निघालं रे?"

"काही नाही. कचरा."

मी वाकून बघितलं. क्रँकमधल्या तेलाच्या भोकात एक तांदळाचा दाणा अडकला होता, आडवा, बूच मारल्यासारखा. तेलानं काळपट झालेला. पण कुंकवाचा लाल रंग कुठं लपतोय?

"अक्षतेला कचरा म्हणतोस?" मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "आजी, मी हवा मारली होती. ती मारली नसती तर वरच राहिला असता. मीच आत ढकलला." मग क्रँक उजेडात फिरवत, "क्रँक बरोबर होता. मापून बघितला. जिथं तेल मिळालं तिथं आरशासारखा हाय."

मला वाटलं, लगेच उठेल आणि भवानी पेठेत जाईल. गेला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेला, आला, जेवला. तिसऱ्या दिवशी तसंच. दाणा भोकात तसाच ठेवून त्यानं क्रँक फडक्यात बांधला होता, आणि येता-जाता ते गाठोडं उचलून इकडचं तिकडं करायचा. पोरगं अन्नावरून उठायला लागलं. शालू म्हणाली, "कुणाला कळणार नाही याची भीती वाटते का कळेल याची?" तो म्हणाला, "हसतील. भंगारातलं इंजिन केलं आणि पूजेनं मारलं म्हणतील."

"हसू देत की," मी म्हणाले. "तिकडं कुणाचं तरी पोट थांबलंय."

"ते नाही, आजी." त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "क्रँकचं सांगता येईल. पण चाचांबद्दल पोरं ते बाकीचं लिहीत होती तेव्हा मी गप्प बसलो. ते कशानं मोजू?"

मी पदरानं गाठोड्यावरची धूळ पुसली.

संक्रांतीच्या दिवशी म्हणाला, चला. मी तिळगुळाचा डबा घेतला. त्यानं तो माझ्या हातातून काढून कट्ट्यावर ठेवला. "तिळगूळ नेला तर त्यांना गोड बोलावंच लागेल. नको."

मकबूलचं दुकान उघडं होतं. यंत्रावर चादर अंथरलेली. त्यांनी मला बघून खुर्ची पुसली. "या मावशी." मग साईनाथकडं वळून, "या साईनाथराव."

साईनाथनं गाठोड्याचं फडकं सोडलं. मकबूलनं चष्मा लावला, दिव्याखाली भोक धरलं, दाण्याकडं बघितलं. मग क्रँकवरून अंगठा फिरवला, आपल्या घासलेल्या जागेवरून, हळूहळू, तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"खंडेनवमीचा?"

"हो."

"तुझ्या बापानं एकदा माझ्या यंत्राला अक्षता टाकल्या होत्या," मकबूल म्हणाले. "मी आधी मोटर झाकून घेतली. त्याला म्हणालो, रामदास, झाकण देवाला नसतं, यंत्राला असतं. हसला होता."

साईनाथनं खिशातून फोन काढला. "चाचा, इथंच सांगतो सगळ्यांना, दाण्याचा फोटो टाकून. तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर कशाला? मला माहीतच होतं." मकबूलनं चष्मा काढला. "जिथं उभं राहून बोललात तिथं जाऊन बोला."

त्यांनी 'बोललात' म्हटलं, 'बोललास' नाही. आम्ही चहा न घेता उठलो. त्यांनी विचारलाही नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढची शर्यत होती तेव्हा साईनाथ माळावर गेला, गाडीशिवाय, हातात क्रँकचं गाठोडं. मीही गेले. तो एकटाच गेला असता तर रस्त्यातून परतला असता असं नाही, पण माझं मन राहिना. सगळी पोरं जमली तेव्हा त्यानं दाणा दाखवला. सांगितलं, क्रँक बरोबर होता, दाणा मी आत ढकलला. आधी कुणाला कळेना, मग जो हशा उठला तो पार गाड्यांपर्यंत गेला. "भटजी, इंजिनाची मुंज कधी?" कुणीतरी ओरडलं. साईनाथ हसला नाही. हसणं थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "आणि मकबूलचाचांबद्दल तुम्ही जे लिहिलं ते मी वाचलं होतं. गप्प बसलो. माझ्या बापाच्या दहाव्याला तो माणूस उन्हात उभा होता."

आता कुणी हसलं नाही. दोघं-तिघं बुटांकडं बघत राहिले, एक जण गाडी सुरू करून निघून गेला. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. उगीच काहीतरी भारी घडलं म्हणून सांगणार नाही.

मकबूलकडं कामं यायला लागली, पण सगळी नाही. काही गिऱ्हाइकं दुसरीकडं रुळली ती रुळली. साईनाथला लोक आता भटजी म्हणतात, मार्केट यार्डातसुद्धा पोचलंय. तो ऐकून घेतो. गोठा भाड्यानं दिला नाही, शालूनंच त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं, का ते विचारलं तर म्हणाली, लोणच्याचा डबा अजून आत अडकलाय.

क्रँक मकबूलनं पुन्हा घासून दिला. पूर्ण मजुरी घेतली, पावती फाडली. साईनाथ दर शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्या दुकानाकडं जातो, काम असलं तरी, नसलं तरी. दार बंद असतं, बाहेरच्या फळीवर बसतो. कधी मकबूल येतात, कधी येत नाहीत.

गेल्या शुक्रवारी आला तेव्हा मी विचारलं, "आले होते का?"

"आले होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा घेता का."

म्हणजे नावामागचा 'राव' अजून गेलेला नाही. पण चहा विचारलाय.