जांभळाखालची पेटी आणि भाऊजींचा चष्मा

भाऊजींशी मी शेवटचं जे बोललो, ते धडधडीत खोटं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात उशीला टेकून, चष्मा लावून ते पेपर वाचत होते. तब्येतीचं बोलणं नाहीच. मी आत शिरलो तसं म्हणाले, ‘‘जांभळाखालची पेटी पाह्यली?’’ ‘‘पाह्यली ना.’’ ‘‘एका घरात अंडी किती?’’ ‘‘एकच,’’ मी ठोकून दिलं. मधमाश्यांची ती पेटी मी उघडलीच नव्हती. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, ‘‘मंग झालं.’’ दोन दिवसांनी, दुकानाचं शटर वर करताना ताईचा फोन आला. भाऊजी गेले होते.

ते कामठ्याचे. धान पिकवायचे आणि मधमाश्या पाळायचे. मी तिरोड्यात खिळे-बिजागऱ्या विकणारा त्यांचा साळा. रविवारी गेलो की पोळ्याची चौकट उन्हाकडे धरून ते शिकवायला बसायचे. एका घरात एक अंडं, म्हणजे राणी आहे. दोन-तीन दिसली, तर राणी गेली, कामकरी माश्याच अंडी घालताहेत. त्यांतून नुसते नर निपजणार, म्हणजे पेटी बुडाली. ‘‘काऊन साळेबाबू, दिसून राहिलं ना?’’ ‘‘साफ दिसून राहिलं, भाऊजी.’’ खरं सांगू? ती अंडी मला एकदाही दिसली नाहीत. चाळिशी कधीच लागली होती, पण भाऊजी चिडवतील म्हणून चष्मा करत नव्हतो. इतकी वर्षं नुसती मान डोलवली.

तेरवी आटोपल्यावर पेटी उघडली. मोहाचा फुलोरा केव्हाच सरला होता. या दिवसांत माश्या नरांना हाकलून देतात, आणि इथे चौकटीवर फुगीर, टोकाला बारीक भोक असलेली झाकणं... नरांची पिल्लं. राणी गेली, मी धरूनच चाललो. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगून पाठवलं आपण. इतकी शरम वाटली, की ते पोळंच कापून टाकायला चाकू काढला. ताई मागे उभी होती.

‘‘थांब. तुझे भाऊजी म्हणत, उशिरा नर दिसले तर पेटीत नवी राणीबी होऊन राहिली असंल. आधी अंडी पाह्य.’’

‘‘मले नाही दिसत, ताई,’’ मी पहिल्यांदाच कबूल केलं.

ती घरात गेली आणि दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतून भाऊजींचा चष्मा काढून आणला. तो लावला... आणि दिसली. घराच्या तळाशी उभी, तांदळाच्या कणीहून बारीक. एका घरात एकच. शेजारच्यातही एकच. मी रडलो आणि हसलोही. दहाएक दिवसांनी त्या घरांवर सपाट झाकणं आली, म्हणजे आत कामकरी माश्या होत्या, आणि नवी राणी कामाला लागली होती.

त्या दिवशी ताईला सगळं सांगून टाकलं, दवाखान्यातलं खोटंही. ती हसली. ‘‘त्यायले मालूम होतं. तू गेल्यावर म्हणाले, साळेबाबूले अंडी कधीच दिसली नाहीत, माझा चष्मा त्यालेच दे.’’

आता तो चष्मा पेटीशेजारी जांभळाला, माझ्याच दुकानातल्या खिळ्यावर टांगलेला असतो. रविवारी तो लावतो, चौकट उन्हाकडे धरतो, आणि कोणी विचारत नसलं तरी सांगतो... दिसून राहिलं, भाऊजी.