तारेवरची हजेरी

अन्याय झाला तो पूर्णेजवळच्या फाटकावरच्या गेटमनवर. कधी? विद्यापीठाला नाव मिळालं त्या संक्रांतीच्या दिवशी, दिवेलागणीला. कुणी केला? गावगुंडांनी नाही, पोलिसांनी नाही. निळे झेंडे घेऊन नाचणाऱ्या आपल्याच माणसांनी.

तुम्ही त्या गेटमनना पाहिलं असेल. फोन उचलण्याआधी दोन्ही हात सदऱ्याला पुसायचे, कुणाच्या घरात पाऊल टाकावं तसे. आम्ही चळवळीतली पोरं त्यांना मामा म्हणायचो. आमच्या पत्रकांचे गठ्ठे त्यांच्या फाटकावरच्या खोलीत असायचे. एकदा एक वाचून म्हणाले, "लय कडक लिहितूस रं. वाचून माणसाला तहान लागती."

अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जाळलं गेलं. त्यानंतर ते प्यायला लागले. तेव्हा ते रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. बायको गेली ती याच काळात. त्यानंतर कधीतरी दारू सुटली आणि पुढे फाटक मिळालं.

सुटली म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं. आपल्याकडे दारू सोडवणारं कुणी नव्हतं. होती ती रेल्वेच्या फोनची तार. स्टेशन आणि दोन फाटकं एकाच तारेवर. एकानं हँडल फिरवलं की सगळीकडे घंटी वाजायची. पलीकडच्या फाटकावर एक म्हातारे चाचा होते. त्यांनीही कधीकाळी सोडलेली. दिवस मावळला की चाचांची घंटी यायची, आज घेतली नाही ना हे विचारायला.

"सूका है क्या रे?"

"हौ चाचा, सूका."

मध्येच स्टेशनातून मास्तर बोलायचे, "झाली का हजेरी? आता जरा गाडीचं पण ऐका!"

मी एकदा विचारलं, "मामा, एवढं काय बोलता रोज?"

"काय न्हाई. चाचा म्हन्तेत कांदा महागला. मी म्हन्तो शेळी आटली. दिवस मावळला की दारू बोलवायलीय बग मला. बोलत बसलं की तेवढी येळ निघून जाती."

वर्षानुवर्षं माणूस असा कांद्यावर आणि शेळीवर तगला.

संक्रांतीला त्यांची सुट्टी होती. मी परभणीत मिरवणुकीत होतो; पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. ते वस्तीत नाचले, सगळ्यांना तिळगूळ वाटला. चुलतभावानं ग्लास पुढं केला.

"मला नगं. आनंद हाय की. तिळगूळ घे."

"घर जळालं तवा ढोसत व्हतास. आन आज न्हाई म्हन्तोस? नाव नगं व्हतं का तुला?"

डफ थांबला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ज्या नावापायी घर गेलं, ते नाव यांना नको होतं म्हणे! आणि वस्तीत तार नव्हती.

त्यांनी घेतला.

पुढच्या पाळीला मी फाटकावर होतो. घंटी वाजली. आधी गाडीचं झालं. मग चाचा.

"सूका है क्या रे?"

मामांनी भिंतीला कपाळ टेकलं. खोटं बोलले असते तर कुणाला कळलं असतं?

"न्हाई, चाचा."

चाचा म्हणाले, "तो आज से सूका. फोन मत रख, बाबू. बोल, बकरी कैसी है?"

मामा बोलले. पण एकदा उघडलेलं दार त्यांच्याच्यानं पुन्हा लागेना. काही आठवड्यांनी लाल-हिरवी निशाणं गुंडाळून ते मास्तरांकडे गेले. "साहेब, माझ्या हाताचा भरवसा न्हाई. गाडीत माणसं असत्यात." कुणी त्यांना पकडलं नव्हतं. स्वतःच्या पायानं गेले.

आता फाटकावर दुसरा माणूस आहे. मामा मानवतला लेकीकडे आहेत, बाजारामागच्या गल्लीत. परवा भेटलो. ओसरीवर बसून होते, ऊन उतरायला लागलं तसे उठून आत-बाहेर करायला लागले. लेक म्हणाली, "याच वक्ताला लय तगमग व्हती दादा. मी सैपाकात असते, आन शेजारी कुनी येत न्हाई."

मी थकलोय. पत्रकं लिहून थकलोय, आणि हे आपल्याच लोकांना सांगायला लागतंय म्हणून जास्त थकलोय. तरी मागतो. मानवतकरांनो, संध्याकाळी त्या ओसरीवर जाऊन बसा. पाळ्या लावून घ्या. उपदेश करू नका, कापसाच्या भावाचं बोला. आणि त्या दिवशी ज्यांनी ग्लास पुढं केला, जे बघत उभे राहिले, त्यांनी आधी जायचं. उद्याच.