विरजण लागलं तर दूध

माझ्या थोरल्या लेकीचा जीव दुधावाचून चालला होता आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुधाची परीक्षा घेत बसल्या होत्या! आज हसू येतं. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपलेली. पावसानं दगा दिला, म्हैस आटली आणि तापानं माझंही दूध गेलं. आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूला. एका सकाळी मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन दारात आली. आमच्याच मुलखातली, पण ख्रिस्ती झालेल्या घरातली. म्हणून आत्याबाईंनी तिला ओट्यावरच थांबवलं.

"ही कसली पांढरी माती? कुठल्या जनावराचं दूध?"

"गाईचंच हाय, आवं. सातासमुद्रापलीकडनं आलंय. तिकडं तीन पंथांची तीन चर्चं हायती. एकाच्या पंगतीला दुसरा बसत न्हाई. पन उपाशी पोरांसाठी तिघांनी मिळून डबे धाडल्यात."

"म्हंजे आमच्यागतच की!" आत्याबाई पुटपुटल्या. पण ऐकतील तर त्या आत्याबाई कसल्या! "दूध असंल तर विरजंल. दही लागलं तरच पोरीला पाजीन."

अहो, दही लागेस्तोवर पोर तगायला नको? मी तोंड उघडणार तोच नर्सबाईनं मला डोळ्यांनी दटावलं. कोमट पाण्यात भुकटी कालवून दिली. आत्याबाईंनी त्यात विरजण घातलं. आणि ती माउली उन्हाळ्याच्या त्या तापल्या ओट्यावर बसून राहिली. घोटभर पाणीसुद्धा तिला कुणी विचारलं नाही. मधनंमधनं मलाच हाक मारायची, "साखरपाणी पाजत ऱ्हा गं, पोरीला झोपू दिऊ नगंस." धन्य तिची! मी असते तर डबा आपटून चालू लागले असते.

ऊन कलल्यावर आत्याबाईंनी झाकण काढून बोट घातलं. घट्ट दही!

"अगं बया, लागलं की!" म्हणत त्यांनी स्वतःच चूल पेटवून पाणी उकळायला ठेवलं. संध्याकाळपर्यंत लेक चुटूचुटू दूध पिऊन हुंकारू लागली. मी मात्र ढसाढसा रडले.

पुढच्या साली म्हैस व्याली. आत्याबाई पहिल्या चिकाचा खरवस करून दवाखान्यात निघाल्या, लेकीला कडेवर घेऊन मी मागोमाग.

"बाई, डबे धाडनाऱ्या त्या तिघांस्नी हे पोचंल व्हय?"

नर्सबाई हसली. "न्हाई वो, वाटंतच नासंल."

आत्याबाईंनी दवाखान्यामागच्या तिच्याच घरातलं ताट मागून घेतलं, त्यात सगळा खरवस उपडा केला आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली.

"मग त्यांच्या वाटचं आपुनच खाऊ. पन एका ताटात."

पहिला घास त्यांनीच उचलला. मी आ वासून उभी. तशा माझ्यावर डाफरल्या, "बगतीस काय? लेकीला घिऊन बस की!"