कडा घासतात!

तुटलेलं जोडणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण तुटलेलं कुणी जोडायला घेतलं की कासावीस होणारा माणूस एकच, ते म्हणजे आमचे साडू. सरकारी प्रयोगशाळेत गुन्ह्यातले तुकडे जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अपघाताच्या जागची काच, झटापटीत फाटलेली बाही, कशाचाही उरलेला अर्धा भाग ओळखायचं ते काम. निवृत्त होऊन ते सोलापुरात आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायला आले, पण त्यांचं भिंग काही निवृत्त झालं नाही. घरात कप फुटला की मेहुणीनं केरसुणी आणायच्या आत हे फरशीवर पालथे! तुकडे एकमेकांना लावून बघायला सक्त मनाई. "कडा घासतात!" ते ओरडायचे. "कड म्हणजे साक्षीदार हो. दोन साक्षीदार आधीच भेटले, की साक्ष बिघडली." जेवायला कडक भाकरी असली की मी मुद्दाम दोन भाकऱ्या मोडून तुकडे एकत्र करायचो. ते कड आणि तव्याचे डाग बघत कुठला तुकडा कुठल्या भाकरीचा ते लावत बसायचे. तोवर शेंगाचटणी आम्ही संपवलेली असायची. एकदा टॉवेलच्या दुकानात नॅपकिनची जोडी हातात घेऊन म्हणाले, "ही जोडी नाही. हे दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत." दुकानदारानं हात जोडले, "तोंडच पुसायचंय न्हवं साहेब? न्यावा की!"

त्यांचा अभिमान एकच होता. "माझ्या अहवालात 'सांगता येत नाही' हे शब्द कधी आले नाहीत," असं ते पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगायचे. आणि मला लिहायचंय ते नेमकं याच शब्दांबद्दल.

सोसायटीच्या अध्यक्षांच्या नव्या गाडीला कुणीतरी मागून धडक दिली आणि खाली इंडिकेटरच्या नारिंगी काचेचा कपचा सापडला. तो कुणीतरी मी होतो. तेव्हा मी सोसायटीचा सचिव. पार्किंगच्या शिस्तीवर नुकतंच भाषण ठोकलेलं. शिवाय पुण्याच्या मुलानं बजावलं होतं, "बाबा, आता एक ओरखडा दिसला तरी स्कूटरची चावी माझ्याकडे." सकाळची तळ्यापर्यंतची फेरी एवढंच माझं स्वातंत्र्य उरलं होतं. मी गप्प बसलो. आमच्याकडच्या निम्म्या स्कूटरींचे इंडिकेटर फुटकेच, त्यामुळे निर्धास्तही होतो. पण अध्यक्षांनी साडूंना बोलावलं.

सगळी सोसायटी जमली. कपचा कागदावर ठेवून, भिंग लावून साडू एकेक स्कूटर बघत माझ्या स्कूटरीपाशी आले. फुटकी कड बघितली. मग माझ्याकडे बघितलं, एकदाच. भिंग खिशात घातलं, कपचा चिमटीत धरला आणि माझ्या इंडिकेटरच्या कडेवर उलटासुलटा कराकरा घासला. नारिंगी भुकटी खाली पडली.

"बसतोय का बघत होतो," ते म्हणाले. "आता सांगता येत नाही."

"काय हो साहेब," अध्यक्ष म्हणाले, "एवढं भिंग घेऊन आलाव, आन् सांगता येत न्हाई व्हय?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. "वय झालं," साडू म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी फुटका कपही नेला नाही. पाहुण्यांना सांगायचं ते वाक्यही बंद झालं. मी एकदा "साडू, त्या दिवशी..." असं सुरू केलं, तर म्हणाले, "राहू द्या हो. कडा घासतात."

गेल्या थंडीत ते गेले. भेटायला आलेले अध्यक्ष म्हणाले, "माणूस लई चांगला. पण शेवटी नजर गेली हुती." शेजारी बसून मी मान डोलावली. ती मान डोलावणं काही केल्या पचत नाही, म्हणून लिहितो: त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. कपचा माझा होता. अध्यक्षांनी हे वाचावं. चावी मी मुलाकडे पाठवली आहे.

परवा मेहुणीकडे जेवायला होतो. सवयीनं दोन भाकऱ्या मोडल्या, तुकडे एकत्र केले आणि थांबलो. ती ताटाकडे बघत राहिली. मग चटणीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "खावा आता दाजी. निवडणारं कोण हाय?"