पोळ्याची मोजणी

गोरक्ष ग्रामसेवकाला कामाचा कंटाळा नव्हता, पण युक्तीचा सोस भारी. सत्तर साली शेवगावच्या कचेरीतून हुकूम आला: गावात जनावरं किती, शेण किती आणि येत्या तीन वर्षांत गोबरगॅस किती होतील, याचा अंदाज पाठवा. दारोदार कोण हिंडणार? गोरक्षनं पोळ्याचा दिवस धरला. शिंगं रंगवून गावातला बैलन् बैल वेशीत येतो, तिथंच मोजले की झालं.

दोनशे बारा भरले. पाच जनावरांमागं एक, म्हणजे बेचाळीस गोबरगॅस. शेजारी उभ्या विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं, "बारमाही इथंच असतात ना ही?"

दिवाळी सरली की निम्म्याहून जास्त बैल कारखान्याचा ऊस ओढायला जातात आणि पाडव्याशिवाय परतत नाहीत, हे गोरक्षला कुणी सांगायला नको होतं. त्याचा जन्मच उसाच्या फडावरचा. पण कचेरीत त्यानं बाप बागायतदार असल्याची थाप मारली होती; फडाची माहिती दाखवली तर ती उघडी पडेल, अशी त्याला धास्ती. ग्रामसेवकाला गावची माहिती असणारच, त्यात बिंग कसलं फुटतंय? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. "हो साहेब, बारमाही," तो म्हणाला.

अंदाज वर गेला, शाबासकी खाली आली. पुढच्या पावसाळ्यात पहिला गोबरगॅस भीमाबाईच्या दारी बसला. तिची दोन मुलं, तीन बैलजोड्या. बैल गेल्यावर कसं, हे म्हातारीच्या मनात आलं होतं. पण शिकलेल्या माणसानं मोजून लिहिलंय म्हणजे तेही धरलंच असेल, असं म्हणून ती गप्प बसली. गोवऱ्या थापणं तिनं बंद केलं आणि होतं नव्हतं ते शेण खड्ड्यात घातलं.

माघात गोरक्ष प्रगतीचा अहवाल लिहायला आला. बेचाळिसांतला एक उभा होता, आणि त्याचीही टाकी तळाला बसलेली. मुलं, सुना, बैल सगळे फडावर. घरात गॅस नाही आणि गोवरीही नाही. भीमाबाई कुंपणाच्या काट्या मोडून चहा करत होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला.

"तुमचा काय दोस, भाऊसाहेब? कचेरीतलं मानूस तुमी. आमची बैलं कुठं जात्यात, तुमाला काय ठावं?"

शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. ही माफी मात्र त्याला सोसवेना. लाजेनं त्याची मान वर होईना. तो म्हणाला, "मावशी, माझा बाप बी कोयत्यावरच हुता. मी फडातच वाढलोय."

भीमाबाईनं फुंकणी खाली ठेवली आणि त्याच्याकडं नीट पाहिलं.

"मंग ठावं हुतं की तुला," ती म्हणाली, आणि चहाची कपबशी त्याच्यापुढं सरकवली.